वेसाव्याचा बैल

घरात सासूबाई असायच्या, त्यामुळे दाराला कुलूप लावायची वेळ वसुधावर येत नसे. नाहीतर जिना उतरून परत वर येऊन तिने ते रोज ओढून पाहिलं असतं. त्याऐवजी ती तान्ह्या केतकीचं सगळं ओढून बघे. पाळण्याची दोरी, झबल्याचे बंद, खिडकीची कडी. पोर झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरी, आणि श्वास लागला की तो जरा जोरात तर नाही ना, या काळजीला लागे.

"अगो, जित्ती आसा ती," सासूबाई म्हणत. "तूच बोट लावून लावून तिका उठवतंस."

वसुधाचं माहेर कऱ्हाडचं, माळकरी. सासर मालवणचं, राहायला बोरीवलीला. लग्न ठरताना जयवंतने कबूल केलं होतं की तिला मासे खायला लावणार नाही, आणि त्याच्या आईने कबूल केलं होतं की स्वतः ते सोडणार नाही. दोघांनीही शब्द पाळला. रविवारी बाजारातून पिशवी आली की वसुधा केतकीला घेऊन गॅलरीत जाई आणि मधलं दार लावून घेई. तीन वर्षं झाली, तिच्या लेखी मासा म्हणजे दाराच्या फटीतून येणारा वास.

केतकी सहा महिन्यांची झाल्यावर वसुधाला नोकरी लागली. अंधेरीला, वेसाव्याच्या वाटेवर, एका ट्रस्टच्या छोट्या हॉस्पिटलात. रेकॉर्डचं आणि बिलाचं मिळून एकच टेबल होतं आणि त्या टेबलावर ती एकटीच. ऑर्डरवर "तात्पुरती" असा शिक्का होता.

हॉस्पिटलचे मुख्य डॉक्टर सबनीस. ते चार वर्षं विलायतेत राहून आलेले, आणि येताना एक जाडजूड पुस्तक घेऊन आलेले. त्या पुस्तकात जगातल्या प्रत्येक दुखण्याला नंबर दिलेला होता. आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर दुखण्याचं नाव आणि त्याचा नंबर पाहिजेच, असा डॉक्टरांचा हट्ट. आधीचा कारकून या हट्टापायीच सोडून गेला होता. बाकीची मंडळी पुस्तकाला पोथी म्हणत आणि लांबूनच नमस्कार करत.

वसुधाला मात्र पोथी फार आवडली. वॉर्डातून जखमेचा माणूस आला की त्याला दोन नंबर द्यायचे: एक जखमेचा आणि दुसरा ती जखम कशाने झाली त्याचा. हे दुसरे नंबर इंग्रजी 'ई'ने सुरू होत आणि वसुधा डबा खाताना तेच वाचत बसे. शिडीवरून पडणं, उकळत्या पाण्याने भाजणं, साप, विंचू, कुत्रा, वीज. अंतराळयानाच्या अपघातालासुद्धा नंबर होता. केतकीच्या बाबतीत तिने आजवर जी जी भीती घेतली होती ती सगळी तिथे छापलेली होती, वर तिला न सुचलेल्या कितीतरी. एखादीला यानं घाम फुटला असता. वसुधाला उलट बरं वाटायचं. म्हणजे आपण वेड्या नाही. हे सगळं खरंच होतं, आणि कुणीतरी बसून ते नीट ओळीने मांडलंय.

त्या पोथीत बैल कसा शिरला, त्याची ही गोष्ट.

गणपती नुकतेच झाले होते. एका सकाळी स्त्रियांच्या वॉर्डात सोनूबाई दाखल झाली. वेसाव्याची कोळीण, पन्नाशीची, अंगाने भरलेली, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत टरारून सुजला होता. डॉक्टरांनी तळहाताला चीर देऊन पू काढला, आत औषधाची पट्टी भरली, वर बँडेज बांधलं. केसपेपरवर लिहिलं: 'उजव्या तळव्यात खोल टोचल्याची जखम, पू झालेला.' आणि कारणाची जागा कोरी ठेवून ते दुसऱ्या ऑपरेशनला निघून गेले.

कोरी जागा वसुधाला बघवत नसे. ती कागद घेऊन वॉर्डात गेली.

"मावशी, हाताला काय लागलं तुमच्या?"

सोनूबाईला दुखत तर होतंच, त्यात चीर दिल्यानंतरची गुंगी. डोळे न उघडता ती म्हणाली, "शिंगाल्यान मारलान गो बाय."

"शिंगानं मारलं?"

"हा, हा. शिंगाल्यान."

वसुधा खाटेजवळ सरकली. "अगंबाई! कुठे?"

"बंदरावं."

"मोठा होता?"

सोनूबाईने डोळे उघडले. माप दाखवायला तिने दोन्ही हात उचलले, पण उजव्याने कळ मारली आणि तो गादीवर राहिला. डावा तेवढा एकटाच लांबवर गेला, पार शेजारच्या खाटेपर्यंत. "ह्यो एवरा! काला, जारा. मेला गुपचूप परला व्हता. मना काय म्हाईत असा करल त्यो?"

काळा, जाडा, गुपचूप पडलेला. वेसाव्याच्या रस्त्याने बर्फाच्या लाद्या ओढणारी बैलगाडी वसुधाने कितीदा पाहिली होती. तिचा काळा बैल रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसे आणि रिक्षावाले त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आता दोन्ही तिच्या डोळ्यांपुढे स्वच्छ उभी राहिली, बैल आणि त्याचं शिंग. कऱ्हाडच्या मुलीला बैलाचं शिंग काय नवीन? तिच्या चुलत्याच्या मांडीवर अजून वण होता.

"नशीब मावशी, हातावरच निभावलं," ती मनापासून म्हणाली.

"हा ना. पायान घुसता तर काय केला असता?" सोनूबाई म्हणाली आणि झोपी गेली.

वसुधाने टेबलाशी येऊन पोथी उघडली. जखमेचा नंबर घातला. मग कारण: जनावरापासून झालेली इतर इजा, ई ९०६. पुढे स्वच्छ अक्षरात इंग्रजीत लिहिलं, 'बैलाने शिंग मारल्यामुळे.' तीनदा ताडून पाहिलं. नंबर बरोबर होता.

सोनूबाई आठवडाभर राहिली. रोज सकाळी सिस्टर रत्नप्रभा तिची पट्टी बदलायची आणि सोनूबाई साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडायची. एरवी ती गाणी म्हणायची, शेजारणींची लग्नं जुळवायची, आणि वसुधा दिसली की हाक मारायची, "बाय, तुझी पोर काय करते? दात आलं?" दात कसे येतात, कुठला आधी, तापावर काय लावायचं, सगळं तिने वसुधाला न विचारता सांगितलं. बैलाचा विषय मात्र परत निघाला नाही. झालेल्या अपघाताबद्दल कोण पुन्हा विचारतं?

सोनूबाईचा मुलगा तुळशीदास नाक्यावरच्या एका कंपनीत हिशेबनीस होता. गेल्याच वर्षी निघालेला तो नवा औषधपाण्याचा विमा त्याने आईच्या नावाने उतरवला होता. हॉस्पिटलातून विम्याचा कागद त्याआधी कधी गेलाच नव्हता. डॉक्टर सबनीसांना कोण आनंद झाला. "बघा! आता कळेल नंबर कशाला असतात ते," ते सगळ्यांना म्हणाले. आणि वसुधाला: "बाई, हा पहिला आहे. हा सुरळीत पार पडला तर हे टेबल कायम, आणि तुम्हीही कायम. परत आला तर ट्रस्टी म्हणतील, नंबरबिंबर राहू दे, साधं बिल तर गेटवरचा माणूसपण फाडेल."

वसुधाने मान हलवली. त्या दिवसापासून काळजी करायला तिला केतकीखेरीज आणखी एक गोष्ट मिळाली.

पत्र आलं ते शनिवारी, टेबल आवरायच्या वेळेला. विमा कंपनीने चार प्रश्न विचारले होते. बैल कोणाच्या मालकीचा? मालकाविरुद्ध तक्रार केली का? बैल मोकाट असल्यास महापालिकेला कळवलं का? बैल सध्या कुठे आहे? सोमवारी आमचे तपास अधिकारी श्री. उपाध्ये समक्ष येतील, त्यांना घटनास्थळ आणि शक्य झाल्यास बैल दाखवावा. पत्राची एक प्रत तुळशीदासलाही गेली होती.

"बैल दाखवावा म्हणे!" सिस्टर रत्नप्रभा पोट धरून हसली. "वधूपरीक्षा आहे काय गं?"

"हसू नकोस ना. मालकाचं नाव विचारून घ्यायला हवं होतं मी. सुचलंच नाही." वसुधाचा चेहरा उतरला. "घालवलं मी सगळं."

रविवार उजाडला. सासूबाई बाजारातून आल्या, आणि नेमकं त्याच वेळी केतकी रांगत स्वयंपाकघरात घुसली. वसुधा तिच्या मागे धावली. पोरीने पिशवीपर्यंत मजल मारली होती. पिशवीतून एक काळसर, मिशाळ, चपट्या डोक्याचं तोंड बाहेर आलेलं, आणि केतकीचा गुबगुबीत पंजा त्याच्या दिशेने निघालेला.

"धर गो तिका!" सासूबाई किंचाळल्या. "हात लावू देव नको! शिंगाळो आसा तो!"

वसुधाने लेकीला झडप घालून उचललं. "काय आहे?"

"शिंगाळो. त्याच्या पाठीर काटो असता, ह्यो बघ. मेल्यावर पण इख जात नाय त्याचा. आमच्या गावाक भिकल्याक शिंगाळ्यान मारल्यान, आठ दिस बोंबलत होतो."

वसुधा केतकीला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली.

"परत म्हणा."

"काय?"

"भिकल्याला काय झालं?"

"शिंगाळ्यान मारल्यान."

आंघोळीहून आलेला जयवंत दारात उभा होता. बायकोच्या चेहऱ्याकडे बघून तो घाबरला. "वसू, काय झालं? केतूला लागलं का?"

"जयवंत," वसुधा अगदी हळू म्हणाली, "मी एका माशाला बैल केलं."

तिने सगळं सांगितलं. सांगून होईस्तोवर जयवंत भिंतीला टेकून खाली बसला होता आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सासूबाईंना आधी नीटसं कळलं नाही. कळल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचं सगळं अंग गदगदायला लागलं. ते बघून केतकीही हसली, तिचे नवे दोन दात दिसले. वसुधा तेवढी रडकुंडीला आली होती.

"हसा! उद्या तो माणूस बैल बघायला येणार आहे. बैल नाही म्हटलं की म्हणेल खोटा कागद. गेली नोकरी!"

"अगं, मग खरं सांग की," जयवंत डोळे पुसत म्हणाला.

"आता मासा म्हटलं तर खरं वाटेल त्याला? आधी बैल, मग मासा!"

"आणि आमका ईचारूक काय झाला हुता?" सासूबाई म्हणाल्या. "तीन वर्सा दार लावन गॅलरीत बसलंस. दार उघडा असता तर बैल भायर जातो."

वसुधाने मोरीवर जाऊन केतकीचे हात दोनदा धुतले.

सोमवारी डॉक्टर सबनीस ऑपरेशनमध्ये होते, दुपारपर्यंत सुटणार नव्हते. श्री. उपाध्ये मात्र सांगितल्या वेळी हजर. मूळचे पुण्याचे, आता मुलुंडला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बगलेत कातडी बॅग, बोलणं छापल्यासारखं. वसुधाने त्यांना चहा दिला आणि सांगायला तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, "चहापाण्यात वेळ नको. आधी घटनास्थळ." शेवटी रिक्षात बसल्यावरच तिला सवड मिळाली.

"साहेब, एक सांगायचंय. तो बैल नाहीये."

"नाही म्हणजे? विकला?"

"म्हणजे नव्हताच."

"मग काय, रेडा?"

"मासा."

रिक्षा खड्ड्यातून गेली. उपाध्यांनी बॅग सावरली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बाई, मी या कामात एकवीस वर्षं आहे. कुत्र्याचा ससा केलेला पाहिलाय. बैलाचा मासा पहिल्यांदाच बघतोय."

"त्या शिंगाळा म्हणाल्या, मी शिंग ऐकलं. चूक माझी आहे, त्यांची नाही. मी लेखी देते."

"माशाला शिंग असतं?"

"काटा असतो. विषारी. माझ्या सासूबाई म्हणाल्या."

"आपल्या सासूबाई डॉक्टर आहेत?"

"नाही. मालवणच्या आहेत."

"हं," उपाध्ये म्हणाले, आणि वहीत काहीतरी टिपलं. वसुधाला ते वाचता आलं नाही, पण 'नामंजूर' हा शब्द लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच त्यांना लागला असं तिला वाटलं.

कोळीवाड्यात रिक्षा शिरली तशी पोरं ओरडत पुढे पळाली, "आलं, आलं! बैलवालं आलं!" तुळशीदासने पत्र शनिवारीच साऱ्या गल्लीला वाचून दाखवलं होतं, आणि वेसाव्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. सोनूबाईच्या अंगणात बायकांची ही गर्दी. हिरव्या, जांभळ्या लुगड्यांचा नुसता मळा फुललेला. हात कमरेवर ठेवून सोनूबाई मध्ये उभी. उजव्या तळव्याला आता लहानशी पट्टीच काय ती उरलेली.

"ये गो बाय! या सायेब, बसा. बैल बघाया आलाव ना? तुमच्या देशावर बैलपोला करताव, आमी पन केला!"

आणि ती बाजूला झाली.

पाटावर हातभर लांबीचा शिंगाळा मांडलेला होता. कपाळावर हळदकुंकू, गळ्याशी झेंडूची माळ, पाठीवर लाल खणाचा तुकडा झूल म्हणून. पाठीवरचा काटा खणातून वर आलेला आणि त्याच्या टोकाला बेगड चिकटवलेली, शिंगाला लावतात तशी. पुढ्यात पुरणपोळीसुद्धा ठेवली होती. बायकांनी टाळ्या पिटल्या. एकीने हाळी दिली, "सायेब, मालकाचा नाव लिवा! समिंदर!"

वसुधाला पोटातून हसू आलं, पण तिने ते पदरात दाबलं. कारण उपाध्ये हसत नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते.

"ही थट्टा चाललीय कंपनीची?"

"नाय सायेब," तुळशीदास पुढे झाला, "गंमत केली जरा. पन मासा तोच. म्हंजे तो नाय, त्याचा सख्खा भाव."

"हा?" उपाध्ये पाटाशी वाकले. "ह्या एवढ्याशा काट्याने माणूस आठवडाभर हॉस्पिटलात राहतो? बैल म्हणालात तेव्हा निदान पटण्यासारखं तरी होतं! बाई, मी सरळ लिहितो. दोन जबाब, दोन्ही खोटे. आपल्या हॉस्पिटलचं नाव..."

"साहेब, हात नका लावू," वसुधा म्हणाली.

"मला घाबरवताय?"

"नाही हो, खरंच नका लावू! काल माझी मुलगी..."

"अरं ए, नको!" सोनूबाई ओरडली.

पण उपाध्यांचा अंगठा निघाला होता. हा काटा टोचूच शकत नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी तो बेगडीवर ठेवला आणि दाबला.

पुढचा सूर पुण्याचाही नव्हता आणि मुलुंडचाही नव्हता. "आई गं!" ते अंगणात एका पायावर नाचले. बॅग पडली, चष्मा झेंडूच्या माळेत जाऊन बसला. क्षणापूर्वी टाळ्या पिटणाऱ्या बायका एकदम कामाला लागल्या. एकीने खुर्ची ओढली, दुसरीने चुलीवरचं पातेलं उतरवलं. सोनूबाईने साहेबांचं मनगट आपल्या पट्टीच्या हातात घट्ट धरलं आणि अंगठा सोसवेल इतक्या कढत पाण्यात बुडवला.

"ओरर, ओरर रं बाबा. लाजू नको. मी पन ओररली. सगली ओररतान."

"फार कळ येतेय हो," उपाध्ये म्हणाले. त्यांचा आवाज शाळकरी मुलासारखा झाला होता.

"येनारच. गरम पान्यान इख उतरतं. मी त्या दिशी मासली इकत बसली, पानी घेतला नाय, म्हनून पू झाला. तू शाना, लगेच घेतलास."

वसुधाने चष्मा उचलून पुसला आणि त्यांच्या नाकावर ठेवला. "साहेब, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का हल्ली? चला, उशीर नको. काही जणांना ताप येतो, काही जणांना..." पोथीतलं सगळं पान तिला आठवलं. ते तिने गिळलं.

हॉस्पिटलात सिस्टर रत्नप्रभाने अंगठा धुतला, पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं. "हा मनुष्य बैल बघायला गेला होता ना?" तिने डोळ्यांनी विचारलं. वसुधाने ओठ आवळून मान हलवली आणि दोघी उलट्या दिशांना बघत राहिल्या.

केसपेपर करायचा होता. उपाध्ये टेबलासमोर बसले, अंगठा वर धरून. वसुधाने नाव लिहिलं, वय लिहिलं, जखमेचा नंबर घातला. कारणापाशी पेन टेकवलं तसे ते पुढे झुकले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "बाई, एक विनंती होती."

"बोला ना."

"ते कारण जरा... आमच्या घरी कडक आहे सगळं. सोवळंओवळं. आमची ही आहे, तिची आई सध्या आमच्याकडे आहे. मी मासळीच्या पाटाशी जाऊन हात लावला हे कळलं तर मला जिन्यातच आंघोळ घालतील." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "त्यापेक्षा बैल लिहा ना. बैल काय, चालतो आमच्यात."

वसुधाने पेन खाली ठेवलं.

"बैल?" तिने विचारलं.

"हो. काळाबिळा कसलाही."

"मालक कोण?"

उपाध्यांनी वर धरलेला अंगठा खाली घेतला.

"महापालिकेला कळवलंत? सध्या कुठे आहे बैल?"

आधी त्यांचे खांदे हलले. मग चष्मा हलला. मग छापल्यासारखा तो माणूस असा काही हसायला लागला, की ऑपरेशन आटोपून येणारे डॉक्टर सबनीस दारातच थबकले.

"काय चाललंय? मिळाला का बैल?"

वसुधा उठून उभी राहिली. "सर, बैल नव्हताच. सोनूबाईंना शिंगाळा लागला होता. मी शिंग ऐकलं. चूक माझी आहे." आणि तिने पोथी त्यांच्यापुढे उघडून धरली. "बैल ई ९०६. विषारी प्राणी ई ९०५, समुद्रातलेसुद्धा त्यातच. एका घराने चुकले."

डॉक्टरांनी पोथीकडे पाहिलं, उपाध्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. "आणि यांना?"

"मलाही," उपाध्ये म्हणाले. "ई ९०५. बाईंनी रिक्षातच खरं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही." मग उसासा टाकून: "लिहा बाई. मासाच लिहा. घरचं मी बघतो. एकवीस वर्षांत माझ्याइतका पक्का तपास कुणी केला नसेल."

डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ रुमालात तोंड खुपसून बसले. वसुधाला वाटलं, रागावले. पण रुमालातून आला तो हसण्याचा आवाज.

"नवा नियम," रुमाल खाली घेत ते म्हणाले. "कारण दोनदा विचारायचं. एकदा पेशंटला, आणि एकदा मासे खाणाऱ्या माणसाला. बाई, तुमच्या घरी आहे कोणी?"

"तिघांपैकी दोघं आहेत, सर. तिसरीने कालच हात पुढे केला होता."

"मग झालं. दुरुस्तीचा कागद करा, मी सही करतो. आणि ट्रस्टींना सांगतो, या टेबलावर बाईच राहतील. त्या चुकतात, पण चूक रिक्षात बसून स्वतः सांगतात." वसुधाने उपाध्यांकडे पाहिलं. ते मन लावून आपल्या पट्टीची गाठ तपासत होते.

संध्याकाळी ती फाटकातून बाहेर पडली, तर टोपलीवाली सोनूबाई समोरच उभी.

"काय गो बैलवाली? ऱ्हायली ना नोकरी?"

"राहिली, मावशी! कायम झाली!"

"मंग घे." सोनूबाईने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जडसं पुडकं तिच्या हातात कोंबलं. "सासूला दे. काटा कापलाय, भियू नको. आनि पोरीला जरा चाखव, हारं बलकट व्हतील."

कऱ्हाडच्या माळकरी घरातल्या मुलीने ते पुडकं हात लांब धरून, नाक दुसरीकडे करून, अंधेरीहून बोरीवलीपर्यंत आणलं. वाटेत दोनदा तिने ते उघडून बघितलं. काटा खरंच कापलेला होता.

सासूबाई दार उघडून उभ्या, कडेवर केतकी. दोघींनीही आधी वसुधाच्या तोंडाकडे बघितलं, मग पुडक्याकडे.

"काय आणलंस गो?"

वसुधा आत आली, गॅलरीचं दार सताड उघडं टाकलं आणि पुडकं सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"बैल," ती म्हणाली. "आणि आज मी इथेच बसणार आहे. कसा करतात ते बघायचंय मला."